सतरा नंबरचा शिक्का

मडकं घेताना वाजवून घेतात,
खणखणीत वाजलं तर पैसे मोजतात.
आमचं उलटं.
पेन्सिलीच्या मागच्या रबराने
मी व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारतो,
आणि जो वाजत नाही, तो ठेवतो.

लाइपझिगमध्ये मागच्या अंगणात माझं दुकान.
टेबलावर एका चर्चचा मायक्रोफोन, बाटलीएवढा,
तीस वर्षं ऑर्गनसमोर उभा राहिलेला.
वर पडदा, सोन्याचा वर्ख दिलेला,
श्वास लागला तरी शहारणारा.
त्याचं म्हणणं इतकं क्षीण
की केबलभर चालता चालताच विरून जाईल,
म्हणून त्याच्या पोटाशी, बोटाच्या दोन पेरांएवढा, एक व्हॉल्व्ह.
तो ऐकतो आणि पुढे सांगतो.
बाकी काही नाही.

आताशा तो सांगताना चरचरत होता,
तापल्या तव्यावर पाण्याचा हात झटकावा तसा.

मी कव्हर काढलं. एक हात खिशात घातला.
दोन्ही हात आत घातले तर वीज
छातीतून वाट काढते, एबरहार्ट म्हणायचा.
त्याने शिकवलेली पहिली गोष्ट:
हातचं राखून काम कर.

खोक्यात तेवीस जुने व्हॉल्व्ह.
एकाच्या डोक्यातला चंदेरी आरसा दुधासारखा पांढरा:
हवा शिरली, संपलं.
नऊ नुसते गुणगुणत होते.
एक, देव जाणे कसा, हवामानाच्या बातम्या सांगत होता.
काही टिचकीला किणकिणले.
उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात,
इथे तर आत पाणी नाही, वारासुद्धा नाही.

विसावा गप्प.
अर्धा तास तापू दिला. जळक्या धुळीचा वास आला, गेला.
हेडफोनमध्ये शेजारच्या सायकलवाल्याची चेन,
नळाचा थेंब,
माझंच आवंढा गिळणं.

खोक्यावर जांभळ्या शाईत:
नॉयहाउस, १९६१, महिना पुसलेला.
तपासनीस १७.

बर्फ होता तरी गेलो,
मायक्रोफोन मांडीवर, त्याचा जड वीजपुरवठा पायांशी.
इर्मट्राउट ग्राइनर, वय चौऱ्याऐंशी.
किचनच्या टेबलावर प्लमचा केक आणि गोळ्यांचे डबे.
तिने खोकं दिव्याखाली धरलं.

"सतरा आधी रोसविथाचा होता.
जुलैच्या शेवटी बर्लिनला मावशीकडे गेली ती गेली.
पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली.
फोरमनने शिक्का माझ्या हातात दिला.
शाईची गादीही तीच.
कुणी काही बोललं नाही,
मीही नाही."

मग हा कोणाचा?

"मी दोनदा टिचकी मारायचे, ती एकदाच.
काचेवर त्याचा वळ थोडाच उमटतो?"

मी मायक्रोफोन जोडला. आम्ही थांबलो. कॉफी गार होत गेली.
"एवढी वर्षं ह्याने कोणाकोणाला ऐकलं?" तिने विचारलं.
कोणालाच नाही. खोक्यातच होता.
"म्हणजे नवाच की."

हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवर मोठे होत होते.
तिने नखाने मायक्रोफोनच्या अंगावर
टकटक केलं. दोनदा.
मान हलवली. पास.
मग पुढे वाकली,
आणि हजेरी घेतात तशा, चढ-उतार नसलेल्या आवाजात
म्हणाली:
"रोसविथा आइशहॉर्न."

सुई उचलली गेली. खाली आली.
ती ऐकत राहिली,
नळ, घड्याळ, छपरावरून घसरणारा बर्फ,
सगळं आता तिच्या कानांत मोठं होऊन येत असणार.
माझे दोन्ही हात टेबलावर होते,
आणि ते माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

निघताना दारात म्हणाली,
"किती चालेल हा?"
दहा हजार तास, मी म्हणालो, नीट वापरला तर.
तिने ओठांतल्या ओठांत भागाकार केला,
रविवारी दोन तास धरून असेल, किंवा आणखी कशाने.
"पुष्कळ झाले," म्हणाली,
आणि उरलेला केक कागदात बांधून दिला.